जीपच्या कमानी आणि गाडग्यातलं दही

३ फेब्रुवारी १९५६

"तुमच्या जीपमध्ये आमची सून बसणार नाही." असा निरोप! आणि तोही जावईबापूंच्या तोंडून. विहीणबाईंनी नागपूरहून खास एवढ्यासाठी त्यांना इकडे मूल गावी पाठवलं. बिचारे खाली मान घालून बोलत होते. चहासुद्धा अर्धाच प्यायले.

रुखमाचं पहिलं बाळंतपण. पहिलटकरीण माहेरी येते, ही रीत काय मी काढली? तिला सातवा लागलाय. आठव्यात गर्भार बाईला प्रवास करू देत नाहीत, म्हणजे आणायची तर येत्या महिन्याभरात आणायची. नाहीतर राहिली तिकडेच. एकुलती एक मुलगी आणि तिचं पहिलं मूल परक्या दारात! छोट्या रेल्वेचं नाव काढलं, तर म्हणे नागभीडला गाडी बदलावी लागते, गर्दीत पोटाला धक्का लागेल. मग आणायची कशी? उचलून?

म्हणे जीप फार आदळते. ज्या जीपमध्ये फॉरेस्टचे मोठमोठे साहेब बसून गेले, ती या बाईंना आदळते. एकदाच तर बसल्या होत्या, लग्नात, स्टेशनपासून मांडवापर्यंत!

मी एवढा संतापलो, तर आमची बायको, कमळा, तांदूळ निवडत बसली होती.

४ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. विहीणबाईंचं तोंड बंद करायचं तर एकच उपाय. चाकांवरच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, बदलायच्या. जीप अशी मऊ करायची की रुखमा नागपूर ते मूल झोपून आली पाहिजे.

६ फेब्रुवारी

जीप मुखरू मिस्त्रीकडे नेली. गिरणीमागे त्याचं दुकान आहे. त्याने खाली घुसून पाहिलं आणि म्हणाला, "कमान मजबूत हाये साहेब. पायजे तं एक पाटा अजून टाकून देतो. मंग हत्ती बसवा."

हत्ती कोणाला बसवायचाय! लेकुरवाळी होणारी मुलगी बसवायची आहे. या माणसाला दुसरं औषधच ठाऊक नाही. कमानीतली एक पट्टी, पाटा, मोडला की तो दोन टाकतो. बांबूच्या ठेकेदारांच्या जीपना हेच करतो आणि माझ्या जीपलाही दहा वर्षं हेच करत आला. लढाईनंतर लिलावात घेतली तेव्हा कमानी पातळ होत्या, आता पुस्तकाच्या गठ्ठ्यासारख्या दिसतात. वजन असलं तर ठीक. रिकाम्या गाडीत बसलेल्या माणसाचं काय?

सांगितलं, पाटे काढ. तो म्हणाला, "काऊन?" मी म्हटलं, मी सांगतो म्हणून.

८ फेब्रुवारी

चार-चार पाटे कमी केले. आता परीक्षा कशी घ्यावी? मी तर जंगलात हाडं निबर झालेला माणूस, मला कुठे काय कळणार. कमळाला म्हटलं, मागे बस, चिचपल्लीपर्यंत जाऊन येऊ. तिला आज उपास. उपासाचा आणि बसण्याचा काय संबंध? तिला जीपमध्ये बसायचं म्हटलं की नेमका उपास निघतो.

शेवटी तीच म्हणाली, "माझ्याऐवजी दही न्या." रात्री विरजलेलं गाडगं दिलं, धानाच्या पेंढ्याच्या, तणसाच्या चुंबळीवर नीट बसवून, फडकं बांधून. दही मोडलं नाही तर रुखमाला भीती नाही! कल्पना वाईट नाही.

गेलो. आलो. फडकं सोडलं. ताक.

कमळा म्हणाली, "कढी करते." मला तर पाटे कमी केल्याचा उलटाच परिणाम दिसला. प्रत्येक खाचेला खालून लोखंडावर लोखंड, ठण्ण! मुखरू गालात हसत होता. पाटे परत बसवले.

१० फेब्रुवारी

गावात ज्याला त्याला माझ्या कमानींची काळजी. गिरणीवाले म्हणाले, मागे धानाची दोन पोती ठेवा, गाडी दबून चालेल. ठेवली. पुन्हा ताक, आणि एक पोतं उसवून गाडीभर धान. हेडमास्तर म्हणाले, टायरमधली हवा कमी करा. केली. ताक! घरात आता कढीशिवाय दुसरं काही शिजत नाही.

संध्याकाळी झिंगू आला, मोहफुलं वेचायला झाडांखाली साफसफाई सुरू झाली म्हणाला. मी रेंजर होतो तेव्हा तो माझ्या हाताखाली गार्ड होता. त्याने सगळ्या जंगलवाटा माझ्यासोबत पालथ्या घातल्या. त्याला विचारलं, सांग, माझ्या जीपमध्ये कधी त्रास झाला? म्हणाला, "नाई साहेब. तुमच्या गाडीत देव आठवते." बघा! गोंडाच्या पोराला जी कदर आहे ती नागपूरच्या विहिणीला नाही.

झिंगूसमोर जुन्या गोष्टी निघाल्या. माझी जीप एकदाही नाल्याच्या रेतीत रुतली नाही. बाकीचे रेती पाहून कचरतात, हळू होतात, आणि बसतात मग बैल शोधत. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रेती दिसो, खाच दिसो, पाय दाबायचा. थांबला तो रुतला. नोकरी सुटली, पण पायाची सवय अजून तशीच आहे. सडकेवरसुद्धा खाच दिसली की पाय आपोआप दाबला जातो. यालाच हात बसणं म्हणतात.

१३ फेब्रुवारी

कमळाचं म्हणणं, जावईबापूंनाच गाडी द्या, ते आणतील. हसूच आलं. दिवाळीत मोठ्या मनाने चालवायला दिली होती, सिंदेवाहीपर्यंत. काय चालवणं ते! सडकेवर आडवी नाली आली की थांब. खाली उतर, वाकून बघ. मग वरातीतल्या घोड्यासारखं पाऊल-पाऊल. धानाच्या बंड्या, साध्या बैलगाड्या, आम्हाला मागे टाकून गेल्या. एक बंडीवाला तर वळून बघत होता, गाडी बिघडली का म्हणून. मी लाजेने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. कचेरीत बसून बसून माणसाचे पायही कारकून होतात.

१७ फेब्रुवारी

सापडल्या! चांद्याला भंगाराच्या दुकानात. कोण्या जमीनदाराच्या जुन्या टूरिंग मोटारीच्या कमानी. लांब, पातळ, हाताने दाबल्या तरी लवतात. राणीसाहेबांची पाठ ज्यांनी जपली त्या माझ्या लेकीची जपणार नाहीत?

मुखरूने नाक मुरडलं. "ह्या मोटारच्या हायेत साहेब, जीपच्या नाई." मला म्हणतो! त्याला सांगितलं, तुझं काम बसवण्याचं, मला शिकवण्याचं नाही. रुसून म्हणाला, ठेवून जा.

१८ फेब्रुवारी

अंग मोडून आलंय. पण मन खूश. विहीणबाईंना मी स्वतः जाऊन नमस्कार करणार आणि म्हणणार, बसा आधी तुम्हीच.

२० फेब्रुवारी

हिवताप. जंगलाने नोकरी सुटल्यावरही पाठ सोडली नाही. तीन पांघरुणं घेऊनही दात वाजतात.

२३ फेब्रुवारी

कोयनेलच्या गोळ्या. कान गुणगुणतात. मुखरूकडे निरोप धाडला, कमानी झाल्या का. कमळा म्हणते, होतील, तुम्ही पडून राहा. सातवा सरत आलाय आणि मी पडून राहू?

२७ फेब्रुवारी

उठून अंगणापर्यंत गेलो, तिथेच बसकण मारली. कमळाने जावईबापूंना बोलावून घेतलंय. मला न विचारता! छोट्या गाडीने दुपारी आले. तेच जीप घेऊन जाणार म्हणे. मी म्हटलं, कमानी बसल्या का? कमळा म्हणाली, "गाडी तयार हाये." बरं तर. गाडी माझी, कमानी माझ्या. चालवणारा कोणी का असेना, श्रेय कुठे जातं?

जावईबापूंना बजावलं, रेतीत थांबू नका. ते "हो हो" म्हणाले. ऐकणार नाहीत.

१ मार्च

रुखमा आली!

सकाळी नागपूरहून निघाले ते दिवेलागणीला पोचले. एवढ्या वेळात मी जाऊन परत आलो असतो. पण ते असो. पोरगी उतरली ती जांभई देत. उमरेडपासून झोपली होती म्हणाली! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, तापामुळे असेल. तिच्या सासूने सोबत दह्याचं गाडगं दिलेलं. कमळाने फडकं सोडलं. वरची साय जशीच्या तशी, बोटसुद्धा लागलं नव्हतं कोणाचं.

घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, कमानी कोणी निवडल्या? रुखमाने कमळाकडे पाहिलं. कमळाने दही आत नेलं.

२ मार्च

जावईबापू छोट्या गाडीने परत गेले. जाताना विहीणबाईंसाठी निरोप दिला, आमची जीप कशी काय वाटली, तेवढं कळवा. ते नुसते हसले.

९ मार्च

आज पहिल्यांदा काठी न घेता हिंडलो. गोठ्यात गेलो. तणसाच्या ढिगाखालून लोखंडाचं टोक दिसलं. ओढलं. मोटारीच्या कमानी. दोन्ही जोड्या, जशा चांद्याहून आणल्या तशाच!

तडक मुखरूच्या दुकानावर. काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बसवून पाह्यल्या साहेब. लांब पडल्या. चाक मडगार्डले घासे. बाईले सांगतलं, बाई म्हने जुन्याच टाकून दे." म्हणजे जीप नागपूरला गेली आणि आली ती जुन्याच कमानींवर! तेच जाड पाटे!

घरी येऊन कमळाला फैलावर घेतलं. मला फसवलं, गावासमोर हसं केलं, लेकीचा जीव धोक्यात घातला, मुखरूसारख्या माणसाशी संगनमत केलं. सगळं बोलून झालं. ती दळणाला बसलेली. जातं थांबवलं नाही तिने. म्हणाली, "कमानी बदलल्या नाई, चालवणारा बदलला. दही मोडलं का? नाई ना?"

मी म्हटलं, पुरुषासारखं चालवतो मी.

"मले सांगू नका. चोवीस वर्षं मी बंडीत, जीपमध्ये मागं बसली. तुमी पुढं पाहत होते."

तिचे ते सगळे उपास आठवले. जेवलो नाही.

१० मार्च

पण रुखमाला जीपमध्ये न बसवण्याचा तो निरोप! तो तर विहीणबाईंचाच ना? त्यांना काय माहीत मी कसा चालवतो? स्टेशनपासून मांडवापर्यंत बसलेल्या बाईला! हा अपमान मी विसरणार नाही. बाळ होऊ दे, बारशाला आल्या की तोंडावर विचारतो.

रुखमाला हे बोलून दाखवलं. ती पोटावर हात ठेवून बसली होती. मग रडायला लागली. बाळंतपणाआधी बायका उगाच रडतात, कमळा म्हणते.

११ मार्च

निरोप विहीणबाईंचा नव्हता, रुखमानेच सांगितलं. "मीच सासूबाईले म्हटलं बाबा. तुमच्या गाडीत मले लहानपणापासून भेव लागते. पण तुमाले वाईट वाटन म्हणून त्यायच्या नावानं सांगाले लावलं." आणि त्या बाईने माझ्या शिव्या एवढे दिवस आपल्या डोक्यावर घेतल्या.

आज रुखमाला गावातल्या दवाखान्यात दाखवून आणलं. कमळा आपणहून मागे तिच्याजवळ बसली, उपास नव्हता. मीच चालवली. नाली आली, थांबलो, उतरून वाकून पाहिलं. वाटेत एक धानाची बंडी मागून आली आणि मला टाकून पुढे गेली. जाऊ दिली.