शांततेची माणसं मी निवडतो

५ जुलै, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या माणसांची डायरी असते. आमच्या बोगनविल बेटावरची लढाई थांबलीय. आपली मंडळी न्यूझीलंडच्या या छावणीत बोलणी करायला आलीत, आणि इथल्या किचनमध्ये नेमका मी. भांडी माझ्याकडे. तात्पुरती. इग्नास मामा आमचे पुढारी. म्हणाले, भाच्या, गावात बंदुका खाली ठेवताना मध्ये बसायला परदेशी मुत्सद्दी न्यायचाय. चुकीचा माणूस नेला तर पुन्हा गोळीबार. तू या परदेशी लोकांत राहिलायस, जरा नजर ठेव.
म्हणजे निवड माझ्याकडे! मुत्सद्द्याला घेऊन गावी जाणाऱ्या विमानात दुभाष्याची जागा रिकामी आहे. लढाई सुरू झाल्यापासून आईला पाहिलेलं नाही. जागा पक्की समजायची.

६ जुलै
मुत्सद्दी दोन आहेत. चहा देता देता परीक्षा. मिस्टर हॅलोरन: उत्तम. उंच. आवाज दणदणीत. माझा हात जोरात हलवला. माणसांची पारख आहे.
व्हानुआटू बेटांवरच्या मिसेस लेईमाता: नापास. पुढाऱ्यांकडे फिरकत नाहीत. दिवसभर आमच्या बायकांत बसून रताळी सोलतात.

७ जुलै
मिसेस लेईमातांना गार चहा दिला. डिप्लोमसीत इशारे द्यावे लागतात. थँक्यू म्हणाल्या. इशारा कळत नाही! आणखी मार्क कापले.

८ जुलै
मामांना निकाल सांगितला. हॅलोरन. त्या बाई नकोत. मामा म्हणाले, बरं, आपल्या बायकांतल्या पर्पेचुआ मावशीला विचारतो. मावशीला कशाला? तिला इंग्रजी कुठे येतं? मामा थकलेत. बॅग भरली.

९ जुलै
घोळ झाला. हॅलोरन भाषणात म्हणाले, गावातल्या जमीनमालक पुरुषांनी पुढे येऊन सह्या कराव्यात. मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. बायका हसत सुटल्या. मावशी सगळ्यांसमोर म्हणाली, काय रे ब्लेझ, आपल्यात जमीन आईची की बापाची? भांड्यांबरोबर तेवढंही धुऊन टाकलंस होय?
आईकडून लेकीकडे जाते, मला माहीत आहे. ऐनवेळी आठवलं नाही, इतकंच. मालकिणी म्हणतील तोच मध्ये बसणार. त्यांचं ठरलंय: मिसेस लेईमाता. कोणाचा मुलगा गेला, कोणाचं घर जळलं, सगळं त्यांनी रताळी सोलता सोलता ऐकून घेतलंय. मेलेल्यांची नावंसुद्धा पाठ आहेत.
तसं माझंही आतून तेच मत होतं.

१० जुलै
मिसेस लेईमातांना गरम चहा. बिस्किटंही. दुभाषा त्यांनाही लागेलच.

११ जुलै
नाही लागत. त्यांची बिस्लामा भाषा म्हणजे आमच्या पिजिन बोलीची सख्खी बहीण. मावशीशी खदाखदा हसत बोलतात. दुभाषा लागला असता तो हॅलोरनना. दुभाष्याच्या जागेवर औषधांचे खोके गेले.
निघताना मिसेस लेईमातांनी विचारलं, तुझ्या आईला भेटेन, काय सांगू? वाक्यं बरीच तयार होती. तोंडातून निघालं, सांगा, कामात आहे.
ते खरंच होतं. सगळ्यांचे कप धुवायचे पडले होते.