शेजारच्या खाटेला फ्लॅप, अर्जदारास नुसते टाके

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
कर्करोग रुग्णालय, मुख्य इमारत.

विषय: योनिमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम बंद करताना झालेल्या पक्षपाताबाबत.

संदर्भ: सर्जनबाईंनी राऊंडच्या वेळी दिलेले तोंडी स्पष्टीकरण, जे अर्जदारास पटलेले नाही.

महोदय,

अर्जदार ही न्यायालयाच्या फाटकाबाहेर छत्रीखाली टंकलेखनाचे काम करते. आजवर दुसऱ्यांचीच गाऱ्हाणी टाइप केली, स्वतःचे हे पहिलेच. विषयातील शब्द वाचून आपण चपापला असाल तर क्षमस्व. अर्जदाराच्या घरी याला ‘पोटाचं ऑपरेशन’ म्हणतात. पोटाला कोणी बोटही लावलेले नाही.

१. अर्जदार व शेजारच्या खाटेवरील बेकरीवाल्या बाई, दोघींची शस्त्रक्रिया एकाच आठवड्यात, एकाच सर्जनबाईंच्या हातून झाली. बेकरीवाल्या बाईंना मांडीच्या आतल्या बाजूची कातडी खालच्या मांसासकट वळवून जखमेवर बसवून दिली. याला फ्लॅप म्हणतात. अर्जदाराच्या मात्र दोन कडा ओढून टाके घातले आणि झाले. त्यातलेही खालचे टाके उसवले. आता तेवढी जखम उघडी ठेवून रोज ड्रेसिंग चालू आहे.

२. यावर सर्जनबाईंचे म्हणणे असे, की बेकरीवाल्या बाईंची गाठ मोठी होती, बराच भाग काढावा लागला, कडा एकमेकींना पोचतच नव्हत्या. “तुमचं थोडक्यात निभावलं. उसवलंय तिथे तळापासून मांस भरून येतंय, येऊ दे. नाहीच आलं तर बाजूची कातडी सरकवून बंद करू.” थोडक्यात निभावले हे अर्जदारास मान्य आहे. तरीही फ्लॅप हवा आहे. कारण विचारू नये.

३. विचारलेच, तर अर्जदाराचा जळफळाट होतो. बेकरीवाल्या बाईंचे यजमान बसचालक आहेत. ड्युटी संपली की गणवेशातच येतात. घरी गेल्यावर ड्रेसिंग त्यांनाच करायचे असल्याने सिस्टरांनी त्यांना पडद्याआड नेऊन शिकवले. पहिल्या दिवशी गडी घामाघूम झाला. आता हातमोजे चढवून स्वतः करतो, आणि पडद्यातून आवाज येतो, “आज मस्त गुलाबी दिसतंय गं! कालच्यापेक्षा छान.” त्यावर बाई खुदकन हसतात. हसताना टाक्यांवर ताण येतो, हे त्यांना कोणी सांगत नाही.

४. सबब अर्जदाराने असे मागायचे योजले होते, की अर्जदारासही फ्लॅप द्यावा. ते न जमल्यास बेकरीवाल्या बाईंची खाट वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला न्यावी. तेही न जमल्यास बसचालकांना पडद्याआड तोंड बंद ठेवण्याची समज द्यावी. परंतु काल बेकरीवाल्या बाई स्वतःच्या दुखण्यासकट उठल्या, अर्जदाराच्या पाठीखाली उशी सरकवली आणि म्हणाल्या, “रडू नका हो. मलासुद्धा पहिल्यांदा बघवत नव्हतं.” त्यामुळे तिन्ही मागण्या नाइलाजाने मागे घेण्यात येत आहेत. बाई चांगल्या आहेत, हीच तर मोठी पंचाईत आहे.

५. अर्जदाराचे यजमान धान्याच्या गोदामात हेडक्लार्क आहेत. रोज संध्याकाळी न चुकता येतात, डबा आणतात, वॉर्डाच्या दारातूनच “बरंय ना?” विचारतात आणि आत पाऊल टाकत नाहीत. माणूस वाईट नाही. ड्रेसिंग शिकून घ्या म्हटल्यावर पांढरेफटक पडले. मग म्हणाले, “हॉस्पिटलचं तसं काही लेखी आहे का? लेखी आलं तर बघू.” लेखी हुकमाशिवाय त्यांनी गोदामातले पोतेही कधी हलवलेले नाही. मात्र लेखी हुकूम त्यांनी आजवर मोडलेलाही नाही, हे येथे मुद्दाम नमूद करणे आवश्यक आहे.

६. अर्जदाराने स्वतः बघण्याचा प्रयत्न केला. एका हातात आरसा, दुसऱ्या हातात टॉर्च, त्यात पाय आखडलेले. दिसली ती चादर. जखम भरतेय असे सर्जनबाई म्हणतात, सिस्टरही म्हणतात. पण त्या सगळ्यांनाच तसे म्हणतात. अर्जदाराला ते घरच्या माणसाकडून ऐकायचे आहे. गुलाबी नसेल तर नाही म्हणावे, राग येणार नाही. पण एकदा बघावे. या भागाचे काही राहिले आहे की नाही, आणि राहिले असेल तर ते अजून अर्जदाराचेच वाटते की नाही, हे दाराबाहेरून कळत नाही.

तरी कृपावंत होऊन, उद्यापासून ड्रेसिंगच्या वेळी पडद्याआड हजर राहावे असा आदेश अर्जदाराच्या यजमानांच्या नावे सही-शिक्क्यानिशी काढावा. आदेशात ‘पोट’ हा शब्द कोठेही नसावा. एवढे झाल्यास फ्लॅप नको.

आपली नम्र,
(सही)
खिडकीजवळच्या खाटेवरील टायपिस्टबाई
दिनांक: आजचाच, डबा येण्यापूर्वी

सोबत:
१) वरील आदेशाचा तयार मसुदा. फक्त सही व शिक्का बाकी.
२) हातातला आरसा, नग एक. अर्ज नामंजूर झाल्यास परत मिळावा. मंजूर झाल्यास गरज नाही.