पालखी न थांबलेलं घर

१९ मार्च २०२५
खालची वाडी, रत्नागिरी

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे. दिशाची दहावीची परीक्षा परवा संपली. यंदा मोहोर गळला, आंबा कमीच. फोनवर तुम्ही मला दोन वाक्यं पुरी करू देत नाही, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाचा.

काल शिमग्याची पालखी वाडीत आली. मथुराकाकी अंगण सारवून, रांगोळी घालून, नारळ घेऊन दारात उभी होती. पालखी ढोल वाजवत तिच्या दारावरून सरळ पुढे गेली. वाळीत टाकलेल्या घरी देव न्यायचा नाही, असं गावकीने ठरवलंय म्हणे! देव यांच्या बापाचा आहे काय?

"गो नम्रता, देवाला तरी येव दे," काकी म्हणाली. मला म्हणाली, कारण सरपंच मी. मी मान खाली घालून पालखीमागून चालत राहिले.

कशापायी हे सगळं? शेजारच्या गंगारामभाऊजींनी हद्दीचा दगडी गडगा तिच्या जमिनीत चार हात सरकवला. मोजणीसाठी ती बाई तीन वर्षं तालुक्याला हेलपाटे घालतेय. आज साहेब रजेवर, उद्या मशीन बिघडलेलं. पोलीस म्हणाले, जमिनीचं आमच्याकडे नको. गावकीने मात्र एका बैठकीत निकाल लावला, गंगारामभाऊजींच्या बाजूने. गावकीचे प्रमुख तेच! काकीने निकाल मानला नाही, म्हणून तिला दुकानात मीठ मिळत नाही की गिरणीत दळण.

आणि गावाच्या मुंबईतल्या मंडळातून गावकीला पाठिंब्याचा ठराव कोणी पाठवला? तुम्ही. "गावकी आहे म्हणून गाव टिकलाय." डोंबलाचा टिकलाय! ऑफिसं माणसाला दारातून परत पाठवतात, म्हणून या लोकांचं फावतं. उद्या आपल्या गडग्यावर कोणी आलं, तर आपण कुठे जायचं?

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. गावकीकडे जाण्याआधी काकी गडग्याचा अर्ज घेऊन माझ्याकडेच आली होती, ग्रामपंचायतीत. शिक्का टेबलावर होता. मी अर्ज घेतलाच नाही. वर मीच सांगितलं, "सरकारी कामाचं काय खरं नाही काकी, गावकीत जा, दोन तासांत मोकळी होशील." तोवर ती तिकडे फिरकलीही नव्हती. मी धाडलं तिला. माझीच मला चीड येते हो.

आज सकाळी सगळ्यांदेखत तिच्या ओटीवर बसून चहा प्याले. मग तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले आणि बहिष्काराच्या कायद्याखाली तक्रार दिली. हवालदार म्हणाला, "मॅडम, गावातच मिटवा ना." म्हटलं, गावात मिटवायला पाठवलं म्हणूनच ही वेळ आली. पोच हातात पडेपर्यंत बाकावरून उठले नाही.

लग्नाला अठरा वर्षं झाली. उखाण्याखेरीज तुमचं नाव मी कधी घेतलं नाही. आज घेतलं. तक्रारीत गंगारामभाऊजींच्या खाली, आडनावासकट लिहिलं. त्याच्या खाली माझंही लिहिलंय, अर्ज न घेणारी सरपंच म्हणून.

आता आपलं घरही वाळीत पडेल. मे महिन्यात याल तेव्हा आधी काकीच्या दारात जा, मग आपल्या. ते जमणार नसेल, तर तिकीट काढू नका.

आजवर तुम्ही सांगाल तिथे सही करणारी, आणि आज न विचारता केलेली,
नम्रता