खाचरातली वीतभर माती

लाहौल, ३ मे २०२५

ती. सरुकाकीस,
अपेक्षाचा साष्टांग नमस्कार.

इथे तंबूत फोनला रेंज नाही. आठवड्यातून दोनदा जीप खाली जाते, तेच आमचं पोस्ट.

आमच्यासमोर हिमनदी आहे. नदी कसली, बर्फाचा डोंगरच. दगडमाती ढकलत हळूहळू सरकतो आणि वितळून मागे हटला की तिचा लांबच लांब बांध टाकून जातो. सत्यमदादा म्हणेल, ठेकेदाराने काम अर्धवट सोडलंय. शंभर वर्षांपूर्वी सुटलेल्या अशा बांधावर आज जेमतेम नखाएवढा काळा थर धरलाय.

एप्रिलमध्ये तुमच्या भाताच्या खाचरात दादाकडून पुरुषभर खड्डा खणून घेतला होता ना, त्या मातीचा निकाल आला. खाली कातळ, त्यावर मुरूम, त्यावर तांबडी माती. हे तिघे एका घरचे. पण सगळ्यांत वरची वीतभर काळी माती त्या डोंगराची नाहीच. ती कुठून तरी वाहून आली आहे. कशाने आली ते लिहिल्याशिवाय माझ्या प्रबंधाचे सर तिचं वर्गीकरण मान्य करत नाहीत. पाणी, वारा, उतार की बर्फ? कुरवंड्याला बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवरच पाहिलाय. पूर आल्याचं कुणाला आठवतं का?

सगळ्यांची आठवण काढणारी,
अपेक्षा

*

कुरवंडे, १२ मे

चि. अपेक्षास,
काकीचा आशीर्वाद. मी सातवी शिकलेली, अक्षर लागलं न्हाई तर तुज्या सरांकडं दे.

तुजं पत्र सत्यमनं मोठ्यानं वाचून दावलं आन तितंच घोटाळा झाला. कुसगावात नवं रिसॉर्ट हुतंय, त्येंच्या हिरवळीला काळी माती पायजे. ठेकेदार ह्येच्या दोस्ताचा भाऊ. पावसाआधी खाचरातली वरची माती न्या, असा शब्द ह्येनं मला न इचारता देऊन ठेवलाय. मी न्हाई म्हणत हुते, तवर तुजं पत्र आलं. आता म्हणतो, आय, शिकलेली बहीणच लिहिती की ही माती आपली न्हाई. परक्याची दिली तर आपलं काय गेलं?

पूर कवाच आला न्हाई. माती कशानं आली त्ये मला ठावं हाय, पर आपणच आपलं काय सांगायचं. तितं लय थंडी असंल, कानाला बांधत जा.

तुजी काकी,
सरुबाई

*

लाहौल, २१ मे

ती. काकीस,
नमस्कार. सहा वर्षं शिकले ते दादाने एका दमात उलटं करून दाखवलं.

त्याला हे वाचून दाखव. ती वीतभर गेली की खाली तांबडी मुरमाड माती उरेल. तिच्यात पाणी थांबणार नाही, भात उभं राहणार नाही. तेवढी माती पुन्हा आपोआप व्हायला त्याच्या नातवंडांची नातवंडंही पुरायची नाहीत. हे मी भावनेने लिहीत नाही, समोरचा बांध बघून लिहितेय.

आणि तू लाजू नकोस. माती कशाने आली ते लिही, माझा रकाना रिकामा आहे.

काळजीत,
अपेक्षा

*

कुरवंडे, ३० मे

चि. अपेक्षास आशीर्वाद.

माती म्या आणली. लगीन हून आले तवा ह्यो दोन गुंठ्यांचा तुकडा नुसता वरकस हुता, नाचणी बी धड येत नव्हती. तुज्या काकांनी बांध घातला. मंग वड्यातला गाळ पाटीत भरून वर न्यायचा, असं तीन उन्हाळं केलं. झालं तुजं वर्गीकरण.

तुजं ऐकून बी सत्यम हटंना. म्या म्हणलं, ने. पर डोक्यावरनं आली, डोक्यावरनंच जाईल. जेसीबी माज्या बांधावर चढायचा न्हाई. त्येनं रागानं घमेलं उचललं. न्याहारीपतुर अकरा घमेली खाली वड्याकडच्या रस्त्यावर नेली. बारावं भरलं आन तितंच बांधावर बसला मान धरून. मंग इचारलं, आय, तू रोज किती न्यायचीस? म्या म्हणलं, मोजायला सवड कुणाला हुती.

दुपारच्याला ठेकेदाराला फोन केला. माती खारट निघाली, बहीण शास्त्रज्ञ हाय, तिचाच रिपोर्ट हाय, असं सांगून मोकळा झाला. तुजं नाव खोट्यात घातलं, तेवढं पोटात घाल. अकरा घमेली आता परत वर आणतोय, कण्हत कण्हत.

तुजी,
काकी

*

लाहौल, ८ जून

ती. काकीस,
साष्टांग, आणि या वेळी खरोखरच साष्टांग.

वाहून आणणारा घटक, या रकान्यात मी लिहिलं: सरुबाई, मु. पो. कुरवंडे. सरांनी काट मारली आणि वर लिहिलं: मानवी हस्तक्षेप. मी तासभर वाद घातला. ते म्हणाले, शास्त्रात माणसाचं नाव येत नाही. त्यांच्या स्वतःच्या नावाने एका हिमनदीचा नकाशा आहे, तो मी दाखवला नाही. मला पदवी घ्यायची आहे.

चिडलेली,
अपेक्षा

*

कुरवंडे, १६ जून

चि. अपेक्षास आशीर्वाद. भाताचं रोप टाकलंय, चांगलं उगवलंय.

हस्तक्षेप म्हंजे काय, सत्यमला इचारलं. म्हणाला, नगं तितं हात घालणं. मंग बरोबरच हाय सरांचं. माजी सासू बी ह्येच म्हणायची.

पर तुज्या वहीत तू लिहिशील तर एकटीचं नाव लिवू नगं. तिसऱ्या उन्हाळ्याला तुजी आई संगं हुती. आता लोणावळ्याच्या फ्लॅटात तिला फरशीवर मातीचा कण चालत न्हाई, म्हणून तुला कवा बोलली नसंल. सातवा म्हैना हुता तिला. मी नगं म्हणायची, तर म्हणायची, पाटी डोक्यावर हाय, पोटावर न्हाई.

तवा तिगींची नावं लिव. न्हाईतर दोगींचीच लिव. तू नुसती बसून हुतीस.

तुजी माया करणारी,
सरुकाकी