हरणांच्या शेतातली बेणणी

अल खर्ज,
१० जानेवारी २०२५, जुम्मा

ठकूबाय,

शरफूचा तुला सलाम, पोराबाळांना दुवा. मी बरी आहे. इथल्या कोरड्या हवेत गुडघे कुरकुरत नाहीत. तुझी म्हैस व्याली का? अक्षर एवढं मोठं नि ओळी तिरक्या बघून हसू नकोस, दिवा बारीक आहे.

फोनवर तू एकच विचारतेस, कधी येतेस. उमैर शेजारी असतो, म्हणून मी मासळीच्या भावाचं बोलत बसते. आपल्या गावचा जुनैद सुट्टीवर घरी निघालाय, त्याच्या हाती हे देते. एकटीने वाच.

माझा लेक उमैर हरणांसाठी शेत करतो, हे तुला थट्टा वाटेल. पण खरंच. इथून थोडं पुढे वाळवंटात कुंपण घालून हरणं सोडणार आहेत. त्यांनी खावं म्हणून अरफज नावाचं इथलंच झुडूप पेरलंय. पाणी लागलं की त्याच्याआधी तण माजतं. औषध मारावं तर ते हरणांच्या पोटात जाणार, आणि महाग ते वेगळंच. म्हणून उमैरने उन्हाळ्यात जमीन भिजवली, गोठेवाल्यांनी टाकलेलं प्लॅस्टिक वर अंथरलं नि तणाचं बी उन्हाने आतल्या आत उकडून काढलं. आपण पेरणीआधी जमीन भाजतो तो राबच गं, फक्त विस्तव नाही. मी म्हटलं, बापाच्या वळणावर गेलास.

तरी थोडं उगवलंच. ते हाताने काढायला माणसं पुरेनात. मी म्हटलं, मी कशाला आहे? जन्म तणाच्या बेणणीत गेला माझा. नको नको म्हणत शेवटी त्याने एक वाफा दिला. अरफजचं रोप हातात धरून दाखवलं. राखाडी, बारीक पानांचं. हे ठेवायचं, हिरवं काढायचं.

मी दिवसभर बसून वाफा लख्ख केला. खूप दिवसांनी मातीत हात गेले, खूश होते. उमैर आला नि उपटलेल्या ढिगाशी वाकला. मी अरफजचीच सगळी रोपं उपटली होती. तण जागच्या जागी होतं.

साहेबाने त्याला चार माणसांत झापलं. हा म्हणाला, चूक माझी, मी आईला नीट दाखवलं नाही. मला म्हणतो, "अम्मी, इथलं झाड तुला कसं ओळखू येणार? सोड ना." आता सुट्टीच्या दिवशीही तिकडे जाऊन तो नव्याने पेरतोय. या थंडीत रोपं उभी राहिली नाहीत तर त्याचं काम दुसऱ्याला देणार आहेत.

ठकूबाय, त्याने नीट दाखवलं होतं. मला दिसलं नाही.

दिव्याचं वर लिहिलं ते खोटं. भर दुपारी खिडकीत बसलेय. समोरचं सगळं धुरकट झालंय, कडेकडेचं तेवढं दिसतं. मागच्या बेणणीत तू म्हणालीस, "शरफू, भात उपटतेस की काय!" तेव्हा मी मस्करीवर नेलं. ती मस्करी नव्हती.

उमैरचा बाप मोहियुद्दीन गेल्यापासून गावच्या त्या घरात मी एकटी. उमैरला हे कळलं तर तो मला परत गावी पाठवणार नाही. म्हणून मी अडाणी ठरून गप्प बसले. तो दमून येतो, स्वतःलाच दोष देतो, नि मी त्याच्यापुढे चहा ठेवते. मला आता हे सहन होत नाही. घर सुटेल म्हणून रडूही येतं, तुझ्यापासून काय लपवू?

आज तो शेतावरून आला की सांगणार आहे. त्याआधी हे पाकीट जुनैदकडे देते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

घराची किल्ली तुझ्याकडेच राहू दे. अधूनमधून दारं उघड, वारा खेळू दे. आणि यंदा बेणणीला बायका रांगेने बसतील, तेव्हा माझी पात मोकळी ठेवू नकोस. तिथे कुणाला तरी बसव.

तुझ्या डाव्या अंगाला बसणारी,
शरफू