दोष डाव्या कानाचाच

३ मार्च, सकाळी ६
चक्कर किती वेळ टिकली, कान वाजला का, डोकं दुखलं का, ते रोज लिहा म्हणाल्या डॉ. सोलिदुम. लिहीन, पण दाखवणार नाही. बावीस वर्षं गिमारास बेट ते इलोइलो शहर अशी प्रवासी बोट चालवतोय, स्वतःचं निदान मला जमतं. डाव्या कानात पाणी साठलंय.

५ मार्च
जेटी दिसली आणि अख्खं इलोइलो गरगरलं. तीन तास. डोकंही ठणकलं, पण ते उन्हाने. धरायचं नाही. मेहुणा रोमेल म्हणाला, दाजी, सुकाणू द्या इकडे. दिलं. त्यालाही सराव हवा.

८ मार्च
शेजारी म्हणाला, कानातले बारीक खडे सरकतात, मान वळवली की जागेवर बसतात. खाटेवर पडून वळवली. खड्यांचं माहीत नाही, मी खाली आलो. हर्मिनिया म्हणाली, खड्यांची चक्कर कूस बदलताना येते आणि मिनिटभरात जाते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास. बायकोला सगळंच पाठ असतं.

११ मार्च
परत. उजेड सोसेना, पडदे ओढायला लावले. कढईचा आवाज डोक्यात घुसत होता. कान बिघडल्याचा आणखी काय पुरावा हवा?

१४ मार्च
कानाची तपासणी. बारीक शिट्ट्या वाजवतात. सगळ्या ऐकू आल्या, दोन मुद्दाम सोडल्या. तरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कान उत्तम आहेत. कानाचा आजार असता तर चकरेबरोबर कानात दडे बसले असते, कान वाजला असता, ऐकू कमी आलं असतं. ही अर्धशिशीची चक्कर. मी म्हटलं, अर्धशिशी आईला होती, मी पुरुष आहे. त्या म्हणाल्या, आईचं आधी सांगायचं होतं. वेळेवर झोप, वेळेवर जेवण, रोज गोळी. महिनाभर सुकाणू बंद. बाहेर आल्यावर हर्मिनिया म्हणाली, म्हणजे मी बोलते ते सगळं तुला ऐकू येतं तर.

१५ मार्च
गोळी घेतली नाही. कानाला एक संधी द्यायला हवी.

१८ मार्च
गोळीशिवाय चार दिवस ठणठणीत. बरा झालो. उद्याची पहिली फेरी माझी. हर्मिनिया म्हणाली, बोटीत तीस माणसं असतात. म्हटलं, मला शिकवू नकोस. ती म्हणाली, उद्या एकतीस धर, मी येतेय.

१९ मार्च, दुपार
भर पाण्यात चक्कर आली. क्षितिज उभं राहिलं. समोर आंब्यांच्या पाट्या, त्यांना टेकून डुलक्या घेणाऱ्या बायका, आणि माझ्याकडे बघत असलेली हर्मिनिया. मीच रोमेलला हाक मारली. त्याने सुकाणू घेतलं. फळीवर आडवा झालो. हर्मिनियाने डोळ्यांवर ओला रुमाल ठेवला. म्हटलं, डोकं दुखतंय. तिने पर्समधून गोळी काढून हातावर ठेवली. घेतली.
बोट कधी लागली कळलंच नाही, इतकी अलगद लावली रोमेलने. मला तशी कधीच जमली नाही.