शस्त्रक्रियेच्या तारखेचा रकाना कोरा ठेवल्याबद्दल

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग,
मुख्य कार्यालय, तिसरा मजला.

विषय : उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया न करता मला मीटर वाचन फेरी क्रमांक ९ वर पूर्ववत पाठवण्याबाबत, तसेच पायरीच्या वापराविषयीच्या नोटिशीस खुलासा.

संदर्भ : १) पर्यवेक्षकांचा ‘बैठे काम’ आदेश.
२) वैद्यकीय मंडळाचा नमुना, रकाना क्रमांक ११.
३) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (पोच मिळाली, उत्तर नाही.)
४) ‘कारणे दाखवा’ नोटीस.

महोदय,

“दुखलं म्हणून थांबायचं नाही, आणि दुखतंय तरी रेटायचंही नाही. मोजायचं. मोजून वाढवायचं.” असे मला फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत सांगितले होते. गेले चौदा आठवडे मी ते अक्षरशः पाळले, आणि ते पाळल्याबद्दल खात्याने मला नोटीस दिली आहे. सात दिवसांत शस्त्रक्रियेची तारीख कळवली नाही, तर मला फेरीच्या कामास कायमची अपात्र ठरवण्यात येईल, असे तिच्यात म्हटले आहे. आज सातवा दिवस आहे.

आरंभीच नमूद करते की, पहाटे तासभर मौन आणि दिवसभरात तोंडातून एकही कडू शब्द न काढणे, हा माझा अकरा वर्षांचा नेम आहे. लिहिण्याबद्दल नेमात काही नाही. हा अर्ज लिहायला घेण्यापूर्वी मी ते नीट आठवून पाहिले.

१. मी बावीस वर्षे मीटर वाचक आहे. आपण या कामावर कधी गेला नसाल, म्हणून सांगते. मीटर जमिनीत, चेंबरमध्ये असतो. झाकण उचलून, उकिडवे बसून, काच पुसून आकडा वाचावा लागतो. आमच्यात दोन तऱ्हेचे आकडे चालतात. वाकून, बघून लिहिलेला तो बसका आकडा. झाकणही न उघडता, मागच्या महिन्यावरून अंदाजाने लिहिलेला तो उभा आकडा. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते लिहायचे नाही, हा माझा दुसरा नेम आहे. त्यामुळे बावीस वर्षांत माझ्या वहीत एकही उभा आकडा नाही. सहकारी मला हसत आले. “ताई, मीटरला नमस्कार करायला बसता का?” असे विचारत आले. मी हसून सोडून दिले.

२. गेल्या वर्षी दोन फेऱ्या एकत्र करण्यात आल्या. शनिवारी मी नव्वद मीटर वाचून घरी गेले, सोमवारी मला एकशे पंचावन्न देण्यात आले. म्हणजे एकशे पंचावन्न वेळा उकिडवे बसणे आणि उठणे, खांद्याला पिशवी, शिवाय जिने. तिसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले. चढताना कमी, उतरताना जास्त. खुर्चीत तासभर बसून उठताना सर्वांत जास्त. सूज नव्हती, गुडघा अडकत नव्हता, मार लागलेला नव्हता. मी पर्यवेक्षकांना एवढेच म्हणाले की, काही दिवस मीटर थोडे कमी द्या.

३. पर्यवेक्षकांनी मला खुर्ची दिली. “आजपासून तुम्ही बसायचं ताई. तेवढंच मला पुण्य.” त्यांचा हेतू चांगला होता, असे मी पहिले दोन आठवडे समजत होते. खुर्ची तक्रार विभागात, दोन कपाटांच्या मध्ये आहे. पाय लांब करायला जागा नाही. गुडघे आठ तास दुमडलेले राहतात. बसल्या जागी तो गुडघा असा आखडला की, मी उठले की कर्रकन आवाज येई आणि टंकलेखक मान वर न करता “आली बिजागरी” म्हणे. आता सगळा मजला मला बिजागरीताई म्हणतो. आवक लिपिकाने मागच्या अर्जाच्या पोचपावतीवरही तेच लिहिले आहे. (सोबत जोडली आहे.)

४. तीन आठवडे मी हा आराम सोसला आणि मग स्वतःहून फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा मला चालायला लावले, मग बसायला, मग एका पायरीवरून हळू उतरायला. गुडघ्याकडे त्या खाली बसून बघत होत्या. इतक्या आठवड्यांत माझ्या गुडघ्याकडे कोणी बघितल्याचा तो पहिला प्रसंग. त्यांनी समजावले ते आपल्या माहितीसाठी लिहिते. गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या खाचेतून वरखाली सरकते. तिला सांभाळतात मांडीचे आणि खुब्याचे स्नायू. स्नायू नव्वदला तयार आणि काम एकशे पंचावन्नचे, तेही एका रविवारात, म्हणून वाटीमागची जागा चिडली. फाटलेले, तुटलेले काही नाही. कापण्यासारखेही काही नाही. “याला आराम नको, हिशेबातलं काम हवं,” असे त्या म्हणाल्या. बसवून ठेवले की स्नायू आणखी वितळतात आणि गुडघा आणखी रडतो.

५. त्यांनी दिलेला कार्यक्रम असा : हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, भिंतीला पाठ लावून अर्धे बसून राहणे, कुशीवर पडून वरचा पाय उचलणे, आणि दर दोन तासांनी एका पायरीवर सावकाश चढणे, त्याहून सावकाश उतरणे, दहा वेळा. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखले तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसाहून जास्त दुखता कामा नये; दुखलेच तर एक पाऊल मागे. पिशवी दोन्ही खांद्यांवर घ्यायची. उथळ चेंबर लांब दांडीच्या आरशाने आणि विजेरीने वाचायचे, म्हणजे निम्मी उठाबस वाचते. मी देवापुढे गुडघे टेकून बसते, तेही त्यांनी दोन महिने बंद करून स्टुलावर बसायला सांगितले. मला फार जड गेले. देवाने हरकत घेतली नाही. हरकत खात्याने घेतली.

६. संदर्भ ४ ची नोटीस म्हणते : “आपण कार्यालयीन वेळेत अभिलेख कक्षासमोरील पायरीवर कारणाशिवाय वारंवार ये-जा करता, त्यामुळे इतरांचे लक्ष विचलित होते व आपल्या मनःस्थितीबाबत शंका निर्माण होते. पायरीचा असा गैरवापर का करण्यात आला?” खुलासा : पायरी चढण्या-उतरण्यासाठी असते. मी तिच्यावर चढले आणि उतरले. दर खेपेला दोन मिनिटे लागतात. त्याच पायरीवर पर्यवेक्षक चहाचा कप घेऊन पाऊण तास उभे असतात, तो तिचा योग्य वापर असल्यास कृपया तसे परिपत्रक काढावे. नोटिशीच्या दुसऱ्याच परिच्छेदात, मी पायऱ्या सहज चढते म्हणजे दुखणे बनावट आहे, असे म्हटले आहे आणि तिसऱ्यात, दुखणे गंभीर असल्याने शस्त्रक्रियेची तारीख कळवावी असे म्हटले आहे. मी एकाच कागदावर ढोंगी आहे आणि अपंगही आहे. दोन्हीपैकी कोणती ते ठरवून मग नोटीस काढावी, इतकी माफक अपेक्षा.

७. आता वैद्यकीय मंडळाबद्दल. मंडळासमोर मी चार मिनिटे होते. बाईंच्या मते एक्स-रे फोटोची जरूर नव्हती, पण मंडळाचा नियम म्हणून मी दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढून नेले. सदस्य-डॉक्टरांनी एक फोटो दिव्याकडे धरला आणि म्हणाले, “अहो, हा तर झिजलाय. करून घ्या ऑपरेशन, वाट कसली बघताय?” मी म्हटले, “डॉक्टर, तो डावा आहे. दुखतो उजवा.” त्यांनी दुसरा फोटो धरला. दोन्ही सारखेच झिजलेले होते. पन्नाशीला आलेल्या, चालत्या माणसाचे असतात तसे. डावा गुडघा तीच झीज घेऊन आयुष्यात एकदाही कण्हलेला नाही. यावर डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि लिहिले : “दोन्ही बाजू, शस्त्रक्रिया विचाराधीन.” माझी तक्रार एका गुडघ्याची होती. मंडळातून मी दोन घेऊन बाहेर पडले.

मी शस्त्रक्रियेची वैरीण नाही. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. त्यांना गरज होती, घरातल्या घरात चालवत नव्हते. आज त्या बाजारातून माझ्याआधी घरी पोचतात. हे सगळे ऐकून त्या म्हणाल्या, “माझ्या जुन्या वाट्या दवाखान्यातून मागून आण आणि लाव त्यांच्या फाइलला.” त्या बोलायचा कसलाही नेम पाळत नाहीत.

८. नमुन्यातला रकाना अकरा ‘शस्त्रक्रियेचा दिनांक’ असा आहे. तो भरल्याशिवाय ‘कामास योग्य’ हा शिक्का मिळत नाही. व्यायामाने बरे झालेल्या माणसासाठी नमुन्यात रकाना नाही. बाईंचे प्रमाणपत्र ‘प्रत्यक्ष उपचार झालेला नसल्याने’ परत आले. मंडळाचे लिपिक मला बाजूला घेऊन म्हणाले, “टाका ना कुठलीतरी तारीख. गुडघा उघडून कोण बघतंय?” ते माझ्या भल्याचेच सांगत होते. परंतु न झालेल्या शस्त्रक्रियेची तारीख हा उभा आकडा आहे, महोदय. मी तो बावीस वर्षांत पाण्याचा लिहिला नाही, स्वतःच्या हाडाचा काय लिहीन?

९. आणि आता ज्याच्यासाठी हा चौथा अर्ज आहे ते. फेरी नऊच्या शेवटच्या गल्लीत एक घड्याळजी एकटे राहतात. पुढे दुकान, मागे खोली. माझ्या शेवटच्या फेरीला त्यांनी मला थांबवून भिंतीला कान लावायला सांगितला होता. आत पाणी वाहिल्यासारखा बारीक आवाज होता. अशा वेळी घरातले सगळे नळ बंद करून मीटरमधल्या लहान लाल चाकाकडे दहा मिनिटे टक लावून बघायचे असते. चाक हलले तर पाणी कुठेतरी मुरते आहे. त्यांचे चेंबर फेरीतले सर्वांत खोल, तिथे आरसा पोचत नाही. त्या दिवशी गुडघ्याने मला दहा मिनिटे बसू दिले नाही. मी म्हटले, “सोमवारी नळ बंद ठेवा, मी येऊन चाक बघते.” शनिवारी मला खुर्ची मिळाली, आणि ‘फेरीच्या हद्दीत कामाच्या वेळेत जाऊ नये’ अशी लेखी समजही.

त्यानंतर सतरा सोमवार गेले. माझ्या जागी आलेल्या वाचकाने त्या मीटरचा वापर दर महिन्याला चौदा युनिट लिहिला आहे. चौदा, चौदा, चौदा, चौदा. भिंतीत पाणी वाहत असताना कोणताही मीटर असे लिहून देत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांची तक्रार माझ्याच टेबलावर आली. तक्रारींना उत्तरे लिहिणे हे माझे बैठे काम आहे. त्यांनी लिहिले आहे : “भिंतीवरची घड्याळं उतरवून ठेवली. आता भिंत उतरायची राहिली आहे. त्या बाई सोमवारी येणार होत्या. कोणत्या सोमवारी ते विचारून ठेवायला हवं होतं.” पर्यवेक्षकांनी वर पेन्सिलीने लिहून दिले, ‘वाचन नियमित, गळती नाही, असे कळवावे’, आणि माझ्यासमोर ठेवले. मी सही केली नाही. ते म्हणाले, “करा ताई सही, तुम्हाला कुठे चालायला जायचंय?” नोटीस दुसऱ्या दिवशी निघाली. पायरी मी चौदा आठवडे चढत होते; ती खात्याला त्या दिवशी दिसली.

मला त्यांचे उत्तर लिहायचे आहे. पण ते खुर्चीतून लिहिता येत नाही.

१०. माझी सद्यःस्थिती, मोजून : चार मजले न थांबता चढते, उतरते. एका दमात साठ वेळा उकिडवी बसते आणि उठते. मागच्या पंधरवड्यात घरी, हातात घड्याळ धरून, रोज थोडे वाढवत उकिडवे बसण्याचा सराव केला. परवा दहा मिनिटे पूर्ण झाली. काल सकाळी दुखले नाही, आज सकाळीही नाही. कर्रकन आवाज अजून होतो. आवाजाने काही बिघडत नाही, असे बाई म्हणतात, टंकलेखकास कळवावे.

११. तरी विनंती की, अ) रकाना अकरा कोरा ठेवून मला कामास योग्य ठरवावे. आ) फेरी नऊ मला परत द्यावी; पहिला महिना नव्वद मीटर, पुढे आठवड्याला दहा-बारा वाढवत जावे. इ) सर्व वाचकांना लांब दांडीचा आरसा द्यावा. माझा मी स्वतः करून घेतला आहे. ई) अंदाजाने आकडे लिहिणाऱ्यांचे गुडघे उत्तम असतात, हे लक्षात घेऊन उत्तम गुडघ्यांचा खात्याने फार अभिमान बाळगू नये.

आज मी रीतसर अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. ती मंजूर झाली आहे. रजेच्या वेळेत मी कुठे चालावे आणि कोणासमोर उकिडवे बसावे, याबद्दल आपल्या कोणत्याही आदेशात काही नाही. तेही मी तपासून पाहिले. घड्याळजींना सकाळीच निरोप धाडला आहे की, दहा वाजल्यापासून नळ बंद ठेवा.

आपली, राग आलेली परंतु आज्ञाधारक,

(सही)
मीटर वाचक, फेरी क्रमांक ९
(सध्या खुर्ची, तक्रार विभाग)
सोमवार, सकाळी सव्वानऊ

सोबत :
१) फिजिओथेरपिस्ट बाईंचे प्रमाणपत्र आणि चौदा आठवड्यांची व्यायामाची वही.
२) दोन्ही गुडघ्यांचे फोटो. डावा कोणता ते मागे लिहिले आहे.
३) ‘बिजागरीताई’ नावाची पोचपावती.
४) घड्याळजींच्या तक्रारीचे उत्तर. यात आकड्याची जागा कोरी आहे. हा अर्ज आवक खिडकीत देऊन, लिफ्टने न जाता, मी तिकडेच निघाले आहे. चाक बघून आल्यावर ती जागा भरून देईन.